विमानाने किनाऱ्यावर नेलेला धातुशोधक: ‘लेजेंड’ आणि त्याच्यासोबतच्या सामानाचे परीक्षण

गेली चार वर्षे दर हिवाळ्यात मी अमेरिकेतल्या न्यू जर्सीतील नेवार्कहून ऑर्लँडोपर्यंत विमानाने आणि तेथून भाड्याच्या गाडीने फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील सेबॅस्टियन या गावी जातो. छंद म्हणून वापरायचे धातुशोधक यंत्र सोबत असते. पहिल्या वर्षी माझ्याकडे जुने यंत्र होते. त्यानंतरच्या तिन्ही वर्षी नोक्ता या तुर्की कंपनीचे, २०२२ मध्ये बाजारात आलेले ‘द लेजेंड’ हे यंत्र होते. या यंत्राविषयी बरेच लिहिले गेले आहे, परंतु जे माझ्या वाचनात आले ते बहुतेक सारे गाडीच्या डिकीत यंत्र टाकून शेतावर किंवा किनाऱ्यावर जाणाऱ्या लोकांनी लिहिलेले आहे आणि त्यांचा मुख्य प्रश्न एवढाच असतो की नाणे किती खोलीवरून सापडते. विमानाने जाणाऱ्या माणसाला त्याआधीचे प्रश्न सोडवावे लागतात: यंत्राचे तुकडे किती लांबीचे होतात, त्याची बॅटरी कोणत्या भागात बसवलेली आहे, आणि सामान हरवले तर किनाऱ्यावर पोहोचून हात हलवत बसावे लागेल का. हे परीक्षण त्या प्रश्नांपुरते आहे.

आधी जागेविषयी सांगतो, कारण सामानाची निवड जागेवरून ठरते. ३१ जुलै १७१५ च्या पहाटे क्युबाहून स्पेनकडे निघालेल्या बारा जहाजांच्या ताफ्यातील अकरा जहाजे वादळात सापडून याच किनाऱ्यावर फुटली आणि सुमारे हजार माणसे बुडाली. जहाजांवर अमेरिका खंडातील टांकसाळींत पाडलेली चांदीची आणि सोन्याची नाणी होती. वाचलेल्या लोकांचा आणि पुढे माल बाहेर काढण्यासाठी आलेल्यांचा तळ जिथे होता, तिथे आज मॅकलार्टी ट्रेझर म्युझियम हे छोटे संग्रहालय उभे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅग्नर नावाच्या गृहस्थांनी लष्कराच्या शिल्लक सामानातील सुरुंगशोधक घेऊन हा किनारा पिंजून काढला आणि त्यांना नाणी सापडत गेली, तेव्हापासून या पट्ट्याला ‘ट्रेझर कोस्ट’ हे नाव चिकटले. वादळाने वाळूचा थर कापून नेला की आजही एखादे नाणे वर येते. मला अजून एकही स्पॅनिश नाणे मिळालेले नाही, तरीही मी जातो, कारण ज्या वाळूवर तीनशे वर्षांपूर्वी माणसे जीव मुठीत धरून रांगत बाहेर आली त्या वाळूवरून कान देऊन चालणे हे मला स्वतःलाच पुरेसे वाटते.

हिवाळाच का, याला कारण समुद्री कासवे. या किनाऱ्यावर १ मार्च ते ३१ ऑक्टोबर हा कासवांचा विणीचा काळ धरला जातो आणि त्या दिवसांत घरट्यांच्या आसपास वाळू उकरणे ही गंभीर बाब आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मोकळा असतो आणि ईशान्येकडून येणारी वादळी हवा किनारा कापते तीही याच दिवसांत.

आता यंत्राकडे वळतो. समुद्राची ओली वाळू स्वतःच वीजवाहक असते, त्यामुळे एकाच वारंवारतेवर चालणारे साधे यंत्र तिथे सतत खोटे आवाज देते आणि तासाभरात डोके उठते. एकाच वेळी अनेक वारंवारतांवर काम करणारे यंत्र त्या संकेतांची आपसात तुलना करून मिठाचा परिणाम वजा करू शकते. लेजेंड तसे आहे. शिवाय ४, १०, १५, २० आणि ४० किलोहर्ट्झ यांपैकी एकच वारंवारता निवडण्याचीही सोय त्यात आहे, जी मला किनाऱ्यावर कधी लागली नाही. ओल्या वाळूवरची त्याची कामगिरी चांगली आहे. वीतभर खोल खड्ड्यातून पूर्वीच्या पंचवीस सेंटच्या नाण्यासारखी वस्तू वर येते तेव्हा आवाजावरूनच तिचा अंदाज आलेला असतो, एवढे मी खात्रीने म्हणेन. अर्थात १९६४ पर्यंतच्या त्या नाण्यांत नव्वद टक्के चांदी असल्यामुळे त्यांचा आवाज मुळातच खणखणीत येतो. शोधण्याच्या बाबतीत मिनेलॅबचे इक्विनॉक्स किंवा फ्रान्सच्या एक्सपी कंपनीचे ड्यूस २ हीदेखील याच तोडीची यंत्रे आहेत, आणि केवळ त्या गुणावर मी लेजेंडची निवड केलेली नव्हती.

निवड केली ती दांड्यामुळे. या यंत्राचा दांडा तीन तुकड्यांचा असून एकात एक सरकणारा आहे. पूर्ण उघडल्यावर यंत्राची लांबी १३२ सेंटीमीटर आणि मिटल्यावर ६३ सेंटीमीटर होते. जमिनीवरून फिरवायची तारेची चकती म्हणजे कॉइल, तिच्यासकट वजन १.४ किलो आहे. माझ्या जुन्या यंत्राचा दांडा स्क्रूंनी जोडावा लागे आणि त्याचा सर्वांत लांब तुकडा कोणत्याही साध्या सुटकेसमध्ये बसत नसे, म्हणून पहिल्या वर्षी मी त्याच्यासाठी खोक्यांच्या पुठ्ठ्याचा एक लांबट बोजा बांधून तो चेक-इनमध्ये दिला होता. त्या बोज्यात सगळेच होते: दांडा, यंत्र चालवणारी मुख्य पेटी, कॉइल, हेडफोन. ऑर्लँडोला मी पोहोचलो आणि बोजा पोहोचला नाही. तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, आणि सुट्टी चार दिवसांची होती. विमान कंपनीच्या माणसांनी सभ्यपणे वागवले, परंतु त्यांच्या सभ्यतेने वाया गेलेली भरती-ओहोटी परत येत नाही. बोजा उघडला तेव्हा कॉइल दांड्याला जोडणारा नायलॉनचा बोल्ट आणि त्याची दोन्ही रबरी वॉशर गायब होती. तपासणीसाठी बोजा उघडला गेल्याची छापील चिठ्ठी आत होती, आणि पुन्हा बांधताना ते बारके भाग बाहेरच राहून गेले असावेत. बोल्ट किरकोळ किमतीचा, पण गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचा नायलॉनचा बोल्ट नव्हता, आणि लोखंडी बोल्ट लावला तर यंत्र त्या बोल्टवरच आवाज करत राहते.

त्या तीन दिवसांत मी जो नियम स्वतःसाठी ठरवला तो आजवर मोडलेला नाही. ज्यात वीज खेळते ते सगळे हातातल्या बॅगेत. जे नुसते लोखंड, प्लास्टिक किंवा कार्बन फायबर आहे ते चेक-इनमध्ये. दांडा हरवला तर कोणी स्थानिक छंदिष्ट एखादा जुना दांडा देतो किंवा झाडूच्या काठीवरही दोन दिवस निभते. पेटी आणि कॉइल हरवली तर सुट्टी संपली.

या नियमाला विमानवाहतुकीच्या नियमांचाही आधार आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. यंत्रात बसवलेली बॅटरी चेक-इनमध्ये चालते, पण यंत्र पूर्ण बंद असले पाहिजे आणि वाटेत दाबले जाऊन आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था असली पाहिजे. मर्यादा १०० वॉट-तासांची (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) आहे. १०० ते १६० च्या दरम्यानच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि तशा सुट्या बॅटऱ्या फार तर दोन नेता येतात. लेजेंडची आतली बॅटरी ५०५० मिलीअँपिअर-तासांची आहे. अशा बॅटरीचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट धरला तर ५.०५ ला ३.७ ने गुणून पावणेएकोणीस वॉट-तासांच्या आसपास आकडा येतो, म्हणजे मर्यादेच्या पाचव्या भागाहूनही कमी. हा गुणाकार प्रत्येकाने आपल्या यंत्रासाठी घरीच करून कागदावर लिहून ठेवावा, कारण बऱ्याच यंत्रांवर मिलीअँपिअर-तास छापलेले असतात आणि अधिकारी वॉट-तास विचारतो. मला हा प्रश्न तीन वर्षांत एकदाच विचारला गेला. यंत्राच्या माहितीपुस्तिकेतले तांत्रिक माहितीचे पान आणि खाली माझा गुणाकार दाखवल्यावर तो तिथेच मिटला.

बॅटरी कुठे बसवलेली आहे हा मुद्दा खरेदीपूर्वीच पाहावा, असे मी का म्हणतो ते ड्यूस २ च्या उदाहरणावरून कळेल. ते यंत्र बिनतारी आहे: कॉइलमध्ये स्वतःची बॅटरी आणि संगणन करणारा भाग असतो, हातातल्या रिमोटमध्ये दुसरी बॅटरी आणि हेडफोनमध्ये तिसरी. वजनाला ते लेजेंडपेक्षा बरेच हलके आहे आणि विमानासाठी एका अर्थाने आदर्श आहे, कारण दांडा सोडून उरलेले सारे एका छोट्या पिशवीत मावते. मात्र त्याची कॉइल ‘नुसते प्लास्टिक’ समजून चेक-इनमध्ये टाकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तिच्यात लिथियम बॅटरी आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. लेजेंडच्या कॉइलमध्ये बॅटरी नसते. ती तारेने पेटीला जोडलेली असते.

लेजेंड मी असे सुटे करतो. कॉइलची तार पेटीपासून काढायची, जोडणीच्या तोंडावर टोपण किंवा स्वच्छ कापडाची गुंडाळी बसवायची, तार दांड्यावरून उलगडून कॉइलवरच सैल गुंडाळायची. तार घट्ट पिळून बांधली तर जोडाजवळ ती आतून तुटते, आणि तसा दोष वरून दिसत नाही. यंत्र मधूनमधून बडबडू लागते एवढेच. खालचा आणि मधला दांडा बाहेर ओढून चेक-इनच्या सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध ठेवायचा. वरचा भाग, ज्यावर मूठ, पेटी आणि कोपराचा टेकू असतो, तो हातातल्या बॅगेत तिरका. बोल्ट, वॉशर आणि त्यांची प्रत्येकी एक जादा जोडी औषधाच्या छोट्या डबीत भरून ती डबी माझ्या खिशात असते.

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांची हातातल्या बॅगेची मर्यादा २२ गुणिले १४ गुणिले ९ इंच आहे, म्हणजे लांबी सुमारे ५६ सेंटीमीटर. मिटलेले संपूर्ण लेजेंड ६३ सेंटीमीटरचे असल्यामुळे ते न सोडवता सरळ त्या बॅगेत बसणार नाही, हे जाहिरातीतला ‘प्रवासयोग्य’ हा शब्द वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे. कॉइल २८ सेंटीमीटरची आहे. ती १४ इंचांच्या रुंदीत आरामात सपाट बसते.

धातुशोधकांसाठी खास शिवलेल्या पाठपिशव्या बाजारात मिळतात आणि मी त्यांतली एक विकत घेतली होती. पिशवी मजबूत होती, कप्पे विचारपूर्वक केलेले होते, पण ती रिकामीच जड होती, तिची उंची विमानाच्या मर्यादेपेक्षा जास्त होती आणि तिच्यावर बाहेरून यंत्राचे मोठे चित्र होते, ज्यामुळे आत महागडी वस्तू आहे हे लांबूनच कळे. ती आता घरी न्यू जर्सीच्या किनाऱ्यांसाठी वापरतो. विमानासाठी मी बावीस इंचांची साधी काळी प्रवासी पिशवी घेतली आणि तिच्या तळाला योगासनांच्या जुन्या चटईचा कापलेला तुकडा घातला. तीन वर्षे झाली, पेटीच्या काचेवर ओरखडा नाही.

सुरक्षा तपासणीविषयी लोकांच्या मनात उगाच धास्ती असते. यंत्र नेण्याला मनाई नाही, आणि क्ष-किरणांनी त्याचे काही बिघडतही नाही. मात्र पडद्यावर ते कसे दिसत असेल याचा विचार करावा: तांब्याच्या तारेचे मोठे कडे, एक नळी, तारा, आणि बॅटरी असलेली बंद पेटी. तपासणाऱ्याने बॅग बाजूला काढली तर तो आपले काम करत असतो. मी आता वाट पाहत नाही. लॅपटॉपसारखीच पेटी आणि कॉइल बॅगेतून काढून स्वतंत्र ट्रेमध्ये ठेवतो, कारण मोबाइलपेक्षा मोठी विजेची उपकरणे वेगळी काढायला तसेही सांगितले जाते. कोणी विचारले तर “समुद्रकिनाऱ्यावर हरवलेली नाणी आणि अंगठ्या शोधायचे छंदाचे यंत्र आहे,” असे पूर्ण वाक्य सांगतो. “मेटल डिटेक्टर आहे” एवढेच म्हटले की विमानतळावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिथली कमान येते आणि गोंधळ होतो. वाळूचा एक कणही राहू न देता पुसलेले यंत्र आणि मातीने माखलेले यंत्र यांना मिळणारी वागणूक सारखी नसते, असाही माझा अनुभव आहे. तरी अंतिम निर्णय तपासणीवरच्या अधिकाऱ्याचा असतो, म्हणून विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोहोचणे मी चुकवत नाही.

खणण्याच्या हत्यारांच्या बाबतीत मात्र चर्चेला जागा नाही. सात इंचांपेक्षा लांब हत्यार अमेरिकेत हातातल्या बॅगेत चालत नाही, आणि छंदिष्टांची दातेरी कडेची खुरपी तर सुरीच्याच जातीची असते. ती चेक-इनमध्ये द्यावी, तीही म्यानात किंवा जाड कापडात गुंडाळून, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही.

किनाऱ्यासाठी खुरप्यापेक्षा स्कूप लागतो: भोके पाडलेली स्टेनलेस स्टीलची मोठी टोपली, तिला लांब दांडा. पाण्याच्या कडेला उभ्यानेच पायाने दाबून वाळू उचलायची आणि लाटेत हलवून चाळायची, म्हणजे वस्तू मागे राहते. हा स्कूप म्हणजे विमानप्रवासातले सगळ्यात अवघड दुखणे आहे. टोपली जड, तिचे तोंड धारदार, आणि दांडा मीटरभर लांब. चेक-इनच्या बॅगेचे वजन २३ किलोपर्यंत आणि लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरपर्यंत चालते. दांडा त्या मापाच्या सुटकेसमध्ये कसाही घातला तरी मावत नाही. एका वर्षी मी मासे पकडण्याच्या गळकाठीसाठी मिळणारी कडक नळी घेऊन तिच्यातून दांडा नेला. तो नीट पोहोचला, पण एका काठीसाठी दुसऱ्या नगाचे भाडे दोन्ही वेळा भरावे लागले. त्यानंतर शहाणपण सुचले. फक्त टोपली नेतो, तिच्या आत मोजे, टॉवेल आणि हेडफोनची रिकामी डबी भरतो म्हणजे जागाही वाया जात नाही, आणि सेबॅस्टियनला पोहोचल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून फावड्याचा लाकडी दांडा घेऊन टोपलीच्या नळीत बसवून आरपार बोल्ट मारतो. परतताना दांडा तिथेच कोणाला तरी देऊन येतो. गेल्या वर्षी तो एका निवृत्त शिक्षकाला दिला; त्यांनी बागेतल्या कुदळीला बसवला असे नंतर कळवले. स्कूप घेताना म्हणूनच ज्याची नळी साध्या फावड्याच्या दांड्याच्या मापाची आहे असाच घ्यावा. सुंदर कार्बन फायबरच्या खास दांड्यावरच बसणारा स्कूप विमानाने जाणाऱ्याच्या कामाचा नाही.

हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर, जो खड्ड्यातली वस्तू नेमकी दाखवतो, तो माझ्याकडे गॅरेटचा प्रो-पॉइंटर एटी आहे. त्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. अशा बॅटरीची दोन्ही टोके शेजारी शेजारी असल्यामुळे बॅगेत मोकळी टाकली आणि तिच्यावर किल्ली किंवा नाणे टेकले तर ती तापते, प्रसंगी पेट घेऊ शकते. जादा बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावूनच ती न्यावी, आणि पिनपॉइंटरमधली बॅटरीही प्रवासात काढून ठेवावी. नाहीतर बटण दाबले जाऊन तो बॅगेत घूं घूं करत राहतो आणि आसपासच्या प्रवाशांच्या जिवाला घोर लागतो. ज्यांना नवीन घ्यायचा आहे त्यांनी चार्ज होणारा घेतला तरी चालेल. मला चौकोनी बॅटरी कोणत्याही पेट्रोल पंपावर मिळते हे महत्त्वाचे वाटते.

परतीचा प्रवास जाण्याइतकाच काळजीने करावा लागतो, आणि याविषयी कोणी फारसे बोलत नाही. खारे पाणी सुकले की मिठाचे स्फटिक दांड्याच्या कड्यांत बसतात आणि सरकणारे तुकडे एकमेकांत अडकतात. शेवटच्या दिवशी मी मुक्कामाच्या न्हाणीघरात पूर्ण यंत्र गोड्या पाण्याने धुतो, कॉइलखालचे संरक्षक झाकण काढून त्यात साठलेली वाळू झटकतो आणि रात्रभर टॉवेलवर वाळत ठेवतो. लेजेंडचे चार्जिंग चुंबकाने चिकटणाऱ्या जोडणीतून होते. किनाऱ्याच्या वाळूत काळे लोहकण असतात, ते नेमके त्या चुंबकाला येऊन बसतात. ते मऊ ब्रशने साफ केल्याशिवाय चार्जिंगची तार लावू नये. जुन्या यंत्राच्या वेळी मी हे सारे घरी जाऊन करू म्हणालो होतो. आठ दिवसांनी बोजा सोडला तेव्हा दांडा दोघांनी ओढूनही निघेना.

सापडलेल्या वस्तूंची पिशवी विमानतळावर निघण्यापूर्वी पूर्ण रिकामी करून एकेक वस्तू पाहावी. याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला फोर्ट पिअर्स येथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाचा मोठा प्रशिक्षण तळ होता, आणि त्या काळातली काडतुसे वाळूत आजही मिळतात. हिरवट गंज चढलेले काडतूस मासेमारीच्या शिशाच्या वजनासारखेच दिसते. ते हातातल्या बॅगेत सापडले तर प्रकरण साधे राहत नाही. मी शंका असलेली प्रत्येक लांबट वस्तू तिथेच सोडतो, आणि त्याहून मोठे काही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवायचे, हे ठरलेले आहे. शिशाची वजने, बाटल्यांची बुचे, नाणी आणि एखादी अंगठी एवढेच परत येते. अंगठीवर नाव किंवा तारीख कोरलेली असली तर मी तिच्या मालकाचा शोध घेतो. दोन अंगठ्या अशा परत गेल्या आहेत.

यंत्र सुटे करून बांधण्याची सवय कायद्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत धातुशोधक वापरणेच काय, जवळ बाळगणेही निषिद्ध आहे. सूट आहे ती सुटे करून, वापरता येणार नाही अशा रीतीने बांधून ठेवलेल्या यंत्राला. ट्रेझर कोस्टच्या उत्तरेला कनॅव्हरल नॅशनल सीशोअर आहे, आणि आमच्या न्यू जर्सीतला सँडी हुकचा किनाराही राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. विमानतळावरून गाडीने जाताना वाटेत अशा जागी थांबायचे असेल तर यंत्र बॅगेतच बंद असू द्यावे, दांडा जोडून मागच्या सीटवर आडवे टाकू नये. समुद्राच्या तळाच्या बाबतीतही मी कटाक्षाने दूर राहतो: तो तळ राज्याच्या मालकीचा आहे आणि १७१५ च्या जहाजांच्या अवशेषांवर काम करण्याचे हक्क ठरावीक कंपनीकडे आहेत. गावाच्या आणि काउंटीच्या किनाऱ्यांवर काय चालते हे तिथल्या कार्यालयाला फोन करून विचारून घेतो, आणि ज्याने सांगितले त्याचे नाव व तारीख वहीत लिहून ठेवतो.

नातेवाईक आणि मित्र मला नेहमी विचारतात की मुंबईला येताना हे यंत्र घेऊन ये, आपण कोकणात जाऊ. माझे उत्तर ठाम नकाराचे आहे आणि त्यामागे केवळ सामानाचे वजन नाही. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग यांसारखे किल्ले संरक्षित स्मारके आहेत. पण कायद्यापेक्षाही माझ्या मनाला जे लागते ते वेगळे आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी, मोगलांचे सोने पुरलेले आहे या वावड्यांवरून, लोक रात्रीच्या वेळी विजेऱ्या आणि धातुशोधक घेऊन शेते खणत होते. ती चित्रे पाहताना माझ्या हातातल्या यंत्राची मला शरम वाटली. नाणे ज्या थरात, ज्या खापराच्या शेजारी पडलेले असते तीच त्याची खरी कहाणी. ते उपटून घेतले की हातात फक्त धातू उरतो. फ्लोरिडाच्या भरतीरेषेवरची वाळू लाटा रोज उलथीपालथी करतात, तिथे थर नावाची गोष्ट उरलेली नसते, म्हणून तिथे मी निःशंक मनाने खणतो. कोकणातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी मी हे यंत्र सुरू करणार नाही, आणि दुसऱ्याने करावे यासाठी ते नेऊनही देणार नाही.

खरेदीविषयी विचाराल तर, वर्षातून एक-दोन वेळा विमानाने किनाऱ्यावर जाणाऱ्याला मी लेजेंड निःसंकोच सुचवेन. तीन तुकड्यांचा दांडा, बिनबॅटरीची कॉइल, लहान बॅटरी आणि ओल्या वाळूवरचे शांत चालणे या चार गोष्टींसाठी. ज्यांच्या मनगटाला किंवा खांद्याला त्रास आहे त्यांना १.४ किलो वजन चौथ्या तासाला जाणवेल. त्यांनी अधिक पैसे मोजून ड्यूस २ पाहावे आणि त्याचे तिन्ही विजेचे भाग हातातल्या बॅगेत ठेवावेत. ज्यांच्याकडे एकाच वारंवारतेचे चांगले जुने यंत्र आहे आणि ज्यांना फक्त कोरड्या वाळूवर फिरायचे आहे, त्यांनी नवीन घेण्याची गरज नाही. दांडा कापून दोन तुकड्यांचा करून देणारे कारागीर सापडले तर तेवढे काम करून घ्यावे. पहिल्याच प्रवासाला निघणाऱ्यांनी घरी एकदा सगळे सुटे करावे, बॅगेत भरावे, आणि पुन्हा जोडून अंगणात पुरलेले एक नाणे शोधून पाहावे. त्या एका संध्याकाळच्या कामाने बारके भाग खिशात ठेवण्याचे मला आधीच सुचले असते आणि माझा बोल्टाचा प्रसंग टळला असता.

यंदाच्या नोव्हेंबरसाठी माझी बॅग तयार आहे. डबीत या वेळी वॉशरच्या दोन जादा जोड्या आहेत, कारण शेजारच्या गावातला एक मित्र पहिल्यांदाच सोबत येतो आहे आणि त्याचे यंत्रही लेजेंडच आहे.